रहदारी निघून गेलेले रस्ते

ज्याला निवांतपणे सायकल चालवावयाची असेल त्याने कोकणात जावे, असा एक संकेत अलीकडे आपल्याकडे रूढ झाला आहे, आणि तो निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने जाणारा म्हणून जो रस्ता सांगितला जातो, त्याचा अखंडपणा नकाशावर जितका दिसतो तितका जमिनीवर नाही. तो प्रत्येक खाडीपाशी येऊन थबकतो, आणि आगरदांड्याहून दिघीला, वेश्वीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला जावयाचे म्हणजे सायकलीसह फेरीबोटीत चढावे लागते. ज्याला वेळेची निकड आहे तो मनुष्य असल्या रस्त्याने जात नाही, मालमोटारी तर नाहीच नाहीत, आणि त्यामुळे हर्णैच्या किंवा गुहागरच्या बाजूला एका अंगास पोफळीच्या वाड्या व दुसऱ्या अंगास समुद्र असे मैलोगणती चालताना सायकलस्वाराला आपल्या साखळीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. खाड्यांवर पूल बांधण्याची कामे आता हाती घेतली गेली आहेत. ती पुरी झाली म्हणजे हे सुख किती टिकेल, हा प्रश्न निराळा.

तथापि तेथे हिंडत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की या शांततेचे श्रेय एकट्या निसर्गाला देता येत नाही. दाभोळ, जयगड, राजापूर, वेंगुर्ले ही एके काळची गजबजलेली बंदरे. तेथे गलबते लागत, जकातीचे नाके होते, घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरे, पुढे आगबोटींचे धक्के झाले. हा सारा व्यवहार प्रथम घाटमाथ्यावरच्या रेल्वेने, मग मुंबई-गोवा महामार्गाने आणि अखेरीस १९९८ साली पुऱ्या झालेल्या कोकण रेल्वेने आपल्याकडे ओढून घेतला, आणि बंदरांना जोडणारे रस्ते मात्र जेथे होते तेथेच राहिले. निर्जन दिसणारा रस्ता बहुधा जन्मतः निर्जन नसतो. त्याच्यावरची रहदारी कोणत्या तरी साली, कोणत्या तरी हुकमाने अथवा बाजारभावाने, दुसरीकडे निघून गेलेली असते.

हे मनात ठसल्यावर मला माझ्या स्वतःच्या जिल्ह्यातील रस्ते निराळ्या दृष्टीने दिसू लागले. मी राहणारा वर्ध्याचा, म्हणजे मुंबईपासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर आत असलेल्या मुलखाचा. समुद्राशी आमचा उघड संबंध काय तो फलाटाच्या टोकास असलेल्या पिवळ्या पाटीवर, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या आकड्यापुरता. जिल्हा म्हणून आमची मांडणी झाली १८६२ साली, नागपुरातून तोडून. कचेरी प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याला होती, ती १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आली आणि नदीचे नाव या नव्या गावाला मिळाले. लगेच दुसऱ्या वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग येथून पुढे नागपूरपर्यंत पोचला. सारांश, हे गावच मुळी रुळांच्या आणि सडकांच्या सोयीने वसलेले आहे, आणि सडकांची आम्हाला कधी ददात पडली नाही. आजही जामवरून श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग जातो, वर्ध्यावरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो, आणि येळाकेळीपाशी तर तो समृद्धी महामार्ग आहे ज्याचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. समृद्धीवर सायकलीला मज्जाव आहे. या मज्जावाविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नाही. उलट लांब पल्ल्याची वाहने जितकी तिकडे जातील तितके आमचे जुने रस्ते मोकळे होतील, या हिशेबाने मी त्याचा हितचिंतकच आहे.

ज्याला या बाजूस सायकल घेऊन यावयाचे असेल त्याने दिवाळीनंतर यावे व होळीपूर्वी परतावे. वैशाखातले आमचे ऊन हा काही थट्टेचा विषय नव्हे. आश्विनात आल्यास एक अपूर्व दृश्य पाहावयास मिळते: डांबरी रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर शेतकऱ्यांनी सोयाबीन वाळत घातलेले असते आणि कडेला दगड मांडून ठेवलेले असतात. अमुक रस्त्यावर रहदारी नाही याचा याहून पक्का दाखला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरातही मिळणार नाही. दुसरी गोष्ट जमिनीची. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वीत-वीत भेगाळते, तिच्यावर घातलेले डांबरही तिच्याबरोबर उठते-बसते, आणि म्हणून नवीन रस्तासुद्धा दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा खालीवर होऊन जातो. मोटारवाले त्याला शिव्या देतात, परंतु सायकलस्वार सावकाश जाणारा असल्यामुळे त्याला त्या चढउतारांतून एक प्रकारचा ताल सापडतो. गावरस्ता सोडून पांदणीत शिरावयाचे असेल तर मात्र पौषापर्यंत थांबावे, कारण ओल असेतोवर ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी काही बसते की सायकलच खांद्यावर घेऊन चालावे लागते. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यासाठी रबराची ठिगळे, सोल्यूशनची नळी व पंप बरोबर असावा, हे सांगावयास नकोच.

पांदणीचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. मध्यप्रांताच्या जुन्या बंदोबस्तात गावोगावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज लिहून ठेवण्याचा शिरस्ता होता. गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, पाणी कोणत्या घाटावर भरावे, बंडी कोणत्या वाटेने न्यावी, या साऱ्या वहिवाटींची त्यांत नोंद असे. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजारांच्या बैठका ओस पडल्या, पण ही दप्तरे राहिली. पुढे बंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, दोन्ही बाजूंचे धुरे दरसाल थोडेथोडे आत सरकले, आणि कित्येक पांदणी नकाशावर राहून जमिनीवरून नाहीशा झाल्या. अलीकडे शासनाने त्या पुन्हा मोकळ्या करण्याची योजना आखली आहे, आणि जेथे जेथे ती अमलात आली तेथे तेथे, कोणाच्याही मनात नसता, सायकलीसाठी एक नामी वाट तयार झाली आहे. सायकलस्वारांनी तहसील कचेरीत जाऊन जुने नकाशे पाहावेत अशी माझी शिफारस आहे. त्यातून हवापाण्याच्या गोष्टी करणारा एखादा जुना कारकून भेटल्यास दिवस सार्थकी लागतो.

वर्ध्याहून प्रथम कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर पाहुण्यांना ठाऊकच असते. सेवाग्राम येथून आठ किलोमीटर. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्माजी मगनवाडीहून पहाटे पायी निघून शेगावला राहावयास गेले तेव्हा त्या गावास नीट रस्ताच नव्हता, आणि पावसाळ्यात तर चिखलामुळे त्याचा जगाशी संबंध तुटल्यासारखा होई. शेगाव नावाच्या दुसऱ्या गावाशी टपालाची गल्लत होऊ लागली म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. ज्या मनुष्याने रहदारीपासून दूर जाण्यासाठी हे खेडे निवडले, त्याच्यामागोमाग सारी रहदारी तेथे चालत आली, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा. नेते आले, वार्ताहर आले, व्हाइसरॉयच्या हुकमाने टेलिफोन आला, शेवटी पक्की सडक आली. त्या सडकेच्या दुतर्फा जुनी दाट झाडे आहेत. २०२० साली रुंदीकरणासाठी त्यांच्यावर कुऱ्हाड चालू लागली तेव्हा वर्धेकरांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. मी स्वतः आंदोलनांचा मनुष्य नाही, परंतु चैत्रात भर दुपारी त्या सावलीतून ज्याने एकदा सायकल नेली आहे त्याला या प्रश्नाला दुसरी बाजू असू शकते हे पटवून देणे कठीण आहे.

आश्रमाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात मी भर घालीत नाही. बापूकुटीचे छप्पर, ताट्यांच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन पाहून मनुष्य थोडा वेळ गप्प बसतो व मग बाहेर येऊन चपला शोधतो. मला त्यापुढची आडवाट अधिक प्रिय आहे, जी शेतांमधून पवनारकडे जाते. डाव्या-उजव्या हातास पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी, वेचणीला आलेल्या बायांच्या रंगीत लुगड्यांचे ठिपके, आणि क्वचित एखादी दूधवाल्याची मोटारसायकल, एवढाच काय तो ऐवज. पवनारला धाम नदी खडकांवरून पसरून वाहते. हे गाव वाकाटकांचे प्रवरपूर असावे, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादन केले, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. पण त्याच्या कितीतरी आधी, प्रकृतीच्या कारणाने १९३८ साली येथे येऊन राहिलेल्या विनोबांना जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प सापडले होते, ते आजही आश्रमात पाहावयास मिळते. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा येथून पायी हैदराबादच्या बाजूला निघाले, आणि एप्रिलात पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. पायी चालणाऱ्यांच्या या तीर्थात सायकल म्हणजे उतावळेपणाच, असा एक संकोच मला तेथे दर वेळी वाटतो. गांधीजींच्या अस्थी जेथे धामेत विसर्जिल्या गेल्या तेथे दरसाल १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो. त्या दिवसाखेरीज घाट रिकामा असतो. परतताना वर्ध्यात गोरस भांडारात थांबून गोरसपाक घ्यावा. तुपाचा हा पदार्थ सायकलीच्या श्रमाला फार पुरतो.

दुसरी वाट गिरडची. ती लांबची आहे, आणि मध्ये जामच्या चौकात तो महामार्ग ओलांडावा लागतो. तेथे सायकलवरून उतरून, हात दाखवून, दोन्हीकडे पाहून पलीकडे जावे व आपण किती क्षुद्र वाहनावर आहोत याची जाणीव ठेवावी. परंतु एकदा समुद्रपूर मागे टाकले की रहदारी एकाएकी विरळ होते, पळसाची आणि सागाची झाडी जवळ येते, आणि जिल्ह्याच्या त्या आग्नेय कोपऱ्यात टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा दिसू लागतो. तेथे हिंदू आणि मुसलमान सारखेच येतात. या टेकडीवर पायाखाली वाटोळे दगड सापडतात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात त्यांची कथा नमूद आहे, ती अशी: दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची टिंगल केली, फकिराने त्यांच्याजवळचे नारळ व इतर सारा माल दगड करून टाकला; ते शरण आले तेव्हा त्याने सुकल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि मग त्यांचे मन व्यापारावरून असे उडाले की ते मरेतो त्याच्याच सेवेत राहिले. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात जे फुगे राहिले त्यांत खनिजे साठून हे गोळे झाले. मला या दोन उपपत्तींत भांडण दिसत नाही. दुसरीत दगड कसे झाले ते आहे, आणि पहिलीत समुद्रकाठचा नारळ या आडमुलखापर्यंत पोचवणारा व्यापारी कोणत्या वाटेने चालत होता याची आठवण आहे. ज्या वाटेने तो आला असेल त्या वाटेवर आता दिवसाकाठी एस.टी.च्या थोड्याशा फेऱ्या होतात.

आता ज्या रस्त्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. पुलगाव ते आर्वी हे अंतर साधारण पस्तीस किलोमीटर. पुलगाव मोठ्या रुळावरचे स्टेशन, आर्वी ही कापसाची जुनी पेठ, आणि या दोहोंना जोडणारी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे १९१७ साली सुरू झाली. तिचे मूळ शोधावयाचे तर आणखी पन्नास-साठ वर्षे मागे जावे लागते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि एकाएकी साऱ्या इंग्रजी व्यापाराची दृष्टी वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर खिळली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक खास कापूस कमिशनर नेमण्यात आला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव मुंबईच्या बाजारात आदराने घेतले जाऊ लागले. आणि लोहमार्ग नागपूरपर्यंत ज्या त्वरेने नेण्यात आला त्या त्वरेमागे प्रवाशांच्या सोयीपेक्षा रुईच्या गाठींची काळजी अधिक होती. मोठ्या रेल्वेला मग लहान शाखा फुटल्या. अशा रीतीने समुद्राचा एक हात, मुंबईच्या गोदीतून निघून, थेट आर्वीच्या जिनापर्यंत येऊन पोचला होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे मालमोटारी आल्या, त्या शेतातूनच कापूस उचलू लागल्या, छोटी गाडी तोट्यात गेली आणि बंद पडली. हात आखडला गेला, बाही तेवढी राहिली.

पुलगावाबाहेर पडताच हा जुना मार्ग डांबरी रस्त्याला कधी समांतर तर कधी ओलांडून जाताना दिसतो. कोठे त्याचा भराव शेताच्या पातळीहून हातभर उंच दिसतो, कोठे दगडी मोरी सुस्थितीत आहे, कोठे बाभळींनी सारे गिळून टाकले आहे. सोरटा, विरूळ, रोहणा ही गावे या वाटेवरची. एके काळी प्रत्येकाला आपले स्टेशन असल्याचा अभिमान होता. मी मोरीपाशी सायकल उभी करून थोडे अंतर भरावावरून चालून पाहिले. रेल्वे बांधणारे लोक चढाचे फार वैरी असतात, कारण इंजिनाला चढ मानवत नाही, आणि त्यामुळे जेथून रस्ता टेकाडावर चढून पुन्हा उतरतो तेथून लोहमार्गाची वाट वळसा घालून जवळजवळ सपाटीने जाते. अडीच फुटी रुळांसाठी घातलेला हा अरुंद भराव दोन सायकली शेजारून जाव्यात एवढ्याच रुंदीचा आहे. इंग्लंडात ब्रिस्टलहून बाथला जाणाऱ्या बंद पडलेल्या लोहमार्गाचा सायकलमार्ग केला गेला, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. स्पेनने १९९३ पासून असल्या मृत मार्गांची रीतसर योजनाच आखली आणि त्यांना हिरव्या वाटा असे नाव दिले. तेथे जे सरकारी खर्चाने झाले त्याचा निम्मा भाग येथे झालेलाच आहे, म्हणजे जमीन सपाट करून ठेवलेली आहे. या मार्गाचे मोठ्या रुळात रूपांतर व्हावे अशी आर्वीकरांची मागणी फार वर्षांची आहे, आणि ती न्याय्य आहे. गाडी खरोखरच येणार असेल तर मी माझा सायकलमार्ग आनंदाने मागे घेईन. पण दोन्हींपैकी काहीच न होता तिसरे, म्हणजे बाभूळ, तेवढी वाढत राहावी, हे मला पटत नाही.

रोहण्याला चहासाठी थांबलो असता बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या सायकलीकडे बराच वेळ निरखून पाहिले.

“कुठून येऊन राह्यले जी?”

“वर्ध्याहून, बाबाजी.”

“सायकलनं? काहून, गाडी नाही मियाली?”

गाडी मिळत होती, परंतु सायकलनेच यावयाचे होते, हे माझे उत्तर त्यांना समाधानकारक वाटले नाही. तरीही त्यांनी मला जवळ बसवून घेतले, आलूबोंड्याची बशी माझ्यापुढे सारली आणि छोट्या गाडीच्या गोष्टी काढल्या. “गार्डच तिकीट फाडे. ज्याच्यापाशी पैसे नसन त्याले म्हणे, उद्या दे. उद्याबी तोच मानूस, तोच गार्ड.” त्यांच्या सांगण्यात हळहळ फारशी नव्हती. गाडी बंद झाली तेव्हा गावाला काय वाटले, असे मी विचारले. ते म्हणाले, “वाटाचं काय? एष्टी व्हती. पन एष्टीत कापूस नाही बसत.” या एका वाक्यात माझ्या दोन परिच्छेदांतला अर्थव्यवहार सामावलेला पाहून मी निमूटपणे चहाचा दुसरा पेला मागवला.

आर्वी जवळ येऊ लागली की गुरांकडे लक्ष द्यावे. आर्वीचा हा टापू गवळाऊ जातीच्या गुरांचे घर समजला जातो. पांढरी, उंच, सडपातळ, चालीला हलकी अशी ही जात, आणि मराठ्यांच्या फौजांचे सामान घेऊन घाटरस्त्यांनी वेगाने जाण्यासाठी तिची जोपासना झाली असे सांगतात. मला वाटेत एक जोडी दिसली. बंडी रिकामी होती, हाकणारा पोरगा पाठीमागे उताणा पडून मोबाइलवर गाणी ऐकत होता, आणि बैल आपल्या मनाने जी दुडकी चाल चालत होते तिच्याशी बरोबरी राखण्यासाठी मला दोन वेळा जोराने पायडल मारावे लागले. शेवटी चढावर त्यांनी मला मागे टाकले, याची नोंद येथे करून ठेवतो.

आर्वीहून कौंडण्यपूर जवळ आहे. देऊरवाड्याच्या बाजूने गेले की समोर वर्धा नदी आणि तिच्या पलीकडच्या उंच काठावर ते प्राचीन गाव. भीष्मक राजाची ही राजधानी, रुक्मिणीचे माहेर. आषाढीला तिची पालखी येथून पंढरपूरला जाते. यात्रेचे दिवस सोडले तर या रस्त्यावर सायकलस्वाराचे राज्य असते. पुलावर थांबून मी पाण्याकडे पाहत होतो तेव्हा पुराणापेक्षा दप्तरातली एक गोष्ट मला अधिक आठवत होती. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी या नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला, तो निजामाकडे गेला, आणि पुढे पन्नास वर्षे ही नदी दोन राज्यांमधली सरहद्द झाली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्यानंतर लवकरच नागपूरही खालसा झाले, आणि तरी दोन्ही तीरांवरचे कायदे, जमाबंदीच्या पद्धती, मालगुजार आणि खातेदार यांचे भेद कितीतरी वर्षे निरनिराळे राहिले. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे आजही जिल्हा बदलतो. डांबराचा रंगही बदलतो, आणि अमरावतीकडची बाजू त्या दिवशी अधिक गुळगुळीत होती, हे कबूल करावयास वर्धेकराला थोडे जड जाते. मुलताईला उगम पावलेले हे पाणी पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, मग गोदावरीत जाते आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला. आमचा कापूस पश्चिमेच्या समुद्रावर गेला आणि आमचे पाणी पूर्वेच्या. भूगोल आणि व्यापार यांचे एकमत क्वचितच होते.

कौंडण्यपूरहून आर्वीस परत आलो तेव्हा दुपार कलत होती. माझा बेत असा होता की तसेच पुढे तळेगाव श्यामजीपंतावरून आष्टीस जावे. तेथे जहांगिराच्या काळातील सरदार महंमदखान नियाझी याची कबर आहे, बेचाळीसच्या ऑगस्टात ठाण्यासमोर पडलेल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे, आणि वाटेत संत्र्यांच्या बागा आहेत. परंतु पौषातला उत्तरेचा वारा समोरून येत होता, आणि समोरच्या वाऱ्याइतका सायकलीचा दुसरा शत्रू नाही. चढ एकदा तरी संपतो. बसस्थानकाशेजारच्या हॉटेलात बसून मी नकाशा उलगडला आणि गल्ल्यावरच्या मालकांना आष्टीचे अंतर विचारले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग बाहेर टेकवून ठेवलेल्या सायकलीकडे पाहिले.

“आष्टी कुठं पयून चालली जी? सकायी जा,” ते म्हणाले. “अन् निंगतानी हवा भरून घ्या. मंधात पंचरवाला नाही.”